हॉट योगा करावा का? बीपीची गोळी चालू आहे

मीनल_एडिसन
नमस्कार मंडळी, मी न्यू जर्सीत एडिसनला असते, वय ४८. इथे नोव्हेंबर उजाडला की बाहेर चालणं बंदच होतं, मग मार्चपर्यंत गुडघे आणि कंबर पार आखडून जातात. मैत्रीण वर्षभर हॉट योगाला जाते आणि आता माझ्या मागे लागलीय की तू पण चल. परवा नुसती बघायला गेले. दार उघडलं आणि चष्म्यावर अशी वाफ धरली की दोन मिनिटं काही दिसेना. खोली १०५ फॅरनहाइट म्हणजे चाळीसच्याही वर, ह्युमिडिटी ४० टक्के, दीड तास, २६ आसनं. लोकांच्या मॅटवर टॉवेल अंथरलेले आणि तेही पिळून काढावेत इतके ओले. शिकवणारी म्हणाली की घामातून टॉक्सिन्स निघतात, एका क्लासला हजार कॅलरी जळतात, बीपीला पण चांगलं.

मला दोन वर्षांपासून लोसार्टन-एचसीटी चालू आहे. बीपी कंट्रोलमध्ये आहे, बाकी त्रास नाही. फायदा खरंच आहे का, आणि गोळी चालू असताना चालेल का? स्टुडिओ महाग आहे, तर घरीच छोट्या खोलीत हीटर लावून सूर्यनमस्कार घातले तर?

अश्विनी_टोरांटो
मीनलताई, मी करते आणि मला मनापासून आवडतं. बाहेर उणे पंधरा असताना त्या खोलीत शिरल्यावर अंग जे मोकळं होतं ते दुसऱ्या कशाने होत नाही, शिवाय त्या रात्री झोप छान लागते. मनावरही परिणाम होतो हे नुसतं माझं म्हणणं नाही, बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने डिप्रेशन असलेल्या लोकांना ८ आठवडे हॉट योगा करायला लावला होता, २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, क्लास करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांची लक्षणं निम्म्यावर आली आणि वेटिंग लिस्टवरच्यांमध्ये तसं फार थोड्यांचं झालं. थंडीत इथे किती जणांना उदास वाटतं ते तुम्हाला माहीतच आहे, म्हणून मला हे महत्त्वाचं वाटतं.

पण दोन गोष्टी सांगते. एक म्हणजे दाराजवळची जागा धरा आणि गरगरलं की सरळ बाहेर या. काही शिक्षक ‘खोली सोडू नका’ म्हणतात, अशांच्या क्लासला जाऊच नका. दुसरं, गरमीत स्नायू सैल पडतात आणि आपण नेहमीपेक्षा दोन इंच जास्त वाकतो, तेव्हा काही कळत नाही, दुसऱ्या दिवशी कळतं. आमच्या बॅचमधल्या एकीची मांडीची मागची शीर अशीच दुखावली, तीन महिने जिना चढताना रडायची.

वैदर्भी_डॉक
नागपुरात फिजिशियन आहे, दर मे महिन्यात उष्माघाताचे पेशंट बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उष्णतेचं गणित. शरीर गार होतं ते घाम आल्याने नाही, घाम वाळल्याने. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, टपकून मॅटवर पडला तर जवळजवळ काहीच नाही. आमच्याकडे पंचेचाळीसला कूलर मस्त चालतो आणि मुंबईत तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो, कारण तेच, हवेतला दमटपणा. त्यामुळे ‘आम्ही तर विदर्भात वाढलो, चाळीसचं काय कौतुक’ असं इथल्या कुणी म्हणू नये. बंद खोली, तीस जणांचा श्वास आणि घाम, वर मुद्दाम केलेली ह्युमिडिटी, हे वेगळंच प्रकरण आहे.

आता फायदा. टेक्सास स्टेट युनिव्हर्सिटीने २०१८ मध्ये हाच २६ आसनांचा क्रम एका गटाला ४०.५ अंशात आणि दुसऱ्याला २३ अंशात १२ आठवडे करायला लावला. रक्तवाहिन्यांची पसरण्याची क्षमता दोन्ही गटांत सुधारली. म्हणजे काम आसनांनी केलं, हीटरने नाही. अश्विनीताईंनी सांगितलेल्या अभ्यासाबद्दलही माझं हेच म्हणणं आहे, तिथे तुलना काहीच न करणाऱ्यांशी होती, साध्या योगाशी नव्हती. हजार कॅलरी विसरा, कोलोरॅडो स्टेटमध्ये प्रत्यक्ष मोजलं तेव्हा ९० मिनिटांत बायकांच्या सरासरी ३३० भरल्या आणि पुरुषांच्या ४६०, जोरात चालल्यासारखंच. क्लासनंतर काटा किलोभर खाली दिसतो ते पाणी असतं, जेवलं-प्यायलं की परत. आणि टॉक्सिन्सचं काम लिव्हर आणि किडन्या करतात, घाम म्हणजे बहुतेक पाणी आणि मीठ.

उष्णतेचा खरा फायदा एक आहे, सवयीचा. आठ-चौदा दिवस रोज उन्हात व्यायाम केला की रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर आणि कमी खारट येतो, हृदयावर ताण कमी पडतो. खेळाडू आणि सैनिक उन्हाळी स्पर्धेआधी किंवा पोस्टिंगआधी हे मुद्दाम करतात. एडिसनच्या थंडीत तुम्हाला त्याचा काय उपयोग!

आता तुमची गोळी. त्यातलं एचसीटी लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढतं. त्यात तासभर घाम गेला आणि त्वचेच्या रक्तवाहिन्या पसरलेल्या असल्या की बीपी एकदम पडू शकतं, विशेषतः जमिनीवरच्या आसनातून झटकन उठताना. लोसार्टन असताना शरीरातलं पाणी कमी झालं तर किडनीवरही ताण येतो. म्हणून माझं स्पष्ट मत, १०५ फॅरनहाइटचा क्लास तुम्ही करू नका. आणि क्लाससाठी गोळी स्वतःच्या मनाने बंद करणं तर त्याहून वाईट. बीटा ब्लॉकर, लिथियम, सर्दीच्या काही गोळ्या, शुगरसाठी लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनीही आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

तांबडी_माती
कोल्हापूरकर. तालमीत पोरांना शिकवतो, योगातलं फार कळत नाही, पण गरम खोलीचं नाव काढल्यावर गप्प बसवेना.

वजनी गटात बसायला पोरं रबरी सूट घालून, दारं-खिडक्या बंद करून दोरी मारतात, सायकल मारतात. १९९७ साली अमेरिकेत महिनाभरात तीन कॉलेजचे पैलवान असेच गेले, गरम खोली, रबरी सूट, पाणी बंद आणि व्यायाम चालू. त्यानंतर त्यांच्याकडे कॉलेज कुस्तीत सूट, सॉना आणि गरम खोल्या बंद केल्या. त्यातला एक विस्कॉन्सिन-ला क्रॉसचा पोरगा होता. त्याच युनिव्हर्सिटीत पुढं २०१५ मध्ये दीड तासाच्या हॉट योगावाल्यांना सेन्सरची गोळी गिळायला लावून मोजलं तर काहींचं आतलं तापमान १०३ फॅरनहाइटच्या वर गेलेलं, आणि त्यांना बाहेरून फारसं जाणवतही नव्हतं. पॅरिस ऑलिंपिकला विनेशचे १०० ग्रॅम जास्त भरले तेव्हा सगळ्या देशानं बघितलं, रात्रभर घाम गाळूनसुद्धा काटा ऐकत नाही. मी माझ्या पोरांना सांगतो, वरच्या गटात खेळ पण खोलीत कोंडून घेऊ नको.

आणि डॉक्टर, पोरगं पडलं तर पहिलं काय करायचं तेही लिहा, आमच्याकडे अजून कांदा हुंगवतात.

वैदर्भी_डॉक
बरं झालं विचारलंत. चक्कर, मळमळ, डोकं दुखणं एवढंच असेल तर बाहेर गार हवेत आडवं करा, पाय वर, घोट घोट पाणी किंवा ओआरएस (एक लिटरला सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ). पण माणूस भलतंसलतं बोलायला लागला, ओळखेनासा झाला, भेलकांडायला लागला तर तो उष्माघात. तोंडात काही ओतू नका. व्यायामातल्या उष्माघातात अंग घामाने ओलंच असतं, ‘घाम येतोय म्हणजे बरा आहे’ असं समजू नका. ॲम्ब्युलन्सला फोन करा आणि ती येईपर्यंत टबात, हौदात, बर्फाच्या पाण्यात जसं जमेल तसं मानेपर्यंत गार करा, डोकं धरून ठेवा. आधी गार करायचं, मग हलवायचं, याने जीव वाचतो.

उलट टोकही सांगतो, भीतीपोटी तीन-चार लिटर साधं पाणी ढोसू नका, रक्तातलं सोडियम घसरून झटके येऊ शकतात. तहान लागेल तसं प्या.

मीनल_एडिसन
सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर मला स्टुडिओत कुणीच सांगितलं नसतं. मग १०५ वाला नाही करत. त्याच स्टुडिओत एक ‘वॉर्म’ क्लास आहे, ८५ फॅरनहाइट, एक तास, ह्युमिडिटी वाढवत नाहीत. तो चालेल का? आणि घरचा हीटर राहिलाच. शिवाय माझ्या बहिणीला दुसरा महिना आहे, ती पण विचारतेय.

अश्विनी_टोरांटो
वॉर्म क्लास मीही अधूनमधून करते, अंग तेवढंच मोकळं होतं. पुण्यात अय्यंगार पद्धतीचा क्लास केला होता, तिथे तर खोली तापवतच नाहीत, दोर, ठोकळे, पट्टे लावून आसनात जास्त वेळ थांबवतात, आखडलेल्या कमरेला ते फार छान. न्यू जर्सीतही अय्यंगारवाले शिक्षक मिळतील, बघा.

वैदर्भी_डॉक
८५ म्हणजे साधारण २९-३० अंश. तुमच्या डॉक्टरांना विचारून करा, पहिले काही क्लास अर्धाच वेळ, आणि उठताना सावकाश. घरी बंद खोलीत हीटर लावून नको, एकटं असताना चक्कर आली तर बघायला कुणी नसतं. हॉल नेहमीसारखा गरम ठेवा, मोजे-स्वेटर घालून दहा मिनिटं जागच्या जागी चाला आणि मग सूर्यनमस्कार घाला.

बहिणीला मात्र नाही म्हणून सांगा, वॉर्मही आत्ता नको आणि हॉट तर अजिबात नको. पहिल्या तीन महिन्यांत आईचं आतलं तापमान ३९ च्या वर गेलं तर बाळाच्या मणक्यात आणि मेंदूत दोष राहण्याचा धोका वाढतो. साधी चाल, साधी आसनं तिच्या डॉक्टरांना विचारून खुशाल करू दे.