ह्यूस्टनकडे केल (पालेभाजी) कधी लावायचं?

केटीकरीण: जूनमध्ये न्यू जर्सीहून ह्यूस्टनजवळ केटीला आलो. तिकडे शेवटच्या फ्रॉस्टच्या (दव गोठवणाऱ्या थंडीच्या) महिनाभर आधी केल लावायचे. इथे शेवटचा फ्रॉस्ट फेब्रुवारीत म्हणतात, म्हणजे जानेवारीत लावू? शेजारीण म्हणते सप्टेंबरातच पेर. पण अहो, दुपारी ९५ फॅरनहाइट आहे!

बागुलबुवा: शेजारणीचं ऐका, फक्त जरा थांबून. फ्रॉस्टची तारीख टोमॅटो-मिरचीसाठी बघायची. थंडीला सरावलेलं केल पंचवीस फॅरनहाइटलाही मान टाकत नाही. त्याला मारतो तो इथला मे महिना. म्हणून हिशेब उन्हाळ्यापासून उलटा धरायचा.

मी सप्टेंबरअखेर ट्रेमध्ये बी टाकतो आणि ट्रे पूर्वेच्या भिंतीशी ठेवतो, म्हणजे दुपारचं ऊन चुकतं. माती ८५च्या वर तापली की उगवण रडतखडत होते. चार-पाच पानं आली की ऑक्टोबरअखेर रोपं जमिनीत. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या) सुमारास बाहेरची पानं खुडायला लागायचं, शेंडा सोडून. पहिला फ्रॉस्ट साधारण डिसेंबरच्या आगेमागे. त्यानंतरची पानं खाऊन बघाच. थंडीत झाड पिष्टाची साखर करतं, चव पालटते.

जानेवारीतही लावता येतं, पण हाती जेमतेम दोन-अडीच महिने. एप्रिलपासून मावा कीड, मग ते काळे-नारिंगी हार्लेक्विन ढेकूण. त्यांच्याशी भांडण्यात मला रस नाही, मी सरळ उपटून भेंडी लावतो.

केटीकरीण: आणि २०२१सारखी थंडी पडली तर?

बागुलबुवा: तेव्हा १३पर्यंत उतरलं होतं. तसा इशारा आला की आदल्या दिवशी पाणी द्या, ओली माती ऊब धरते. रात्री जुनी चादर जमिनीपर्यंत सोडून कडेला विटा ठेवा. प्लास्टिक पानांना टेकू देऊ नका.

कोथरूडचा माळी: आमच्या गच्चीवर फ्रॉस्ट कुठला! ऑक्टोबरचा उकाडा सरला की दिवाळीच्या सुमारास रोपं कुंडीत. मार्च लागला की पानं कडू. गोडवा तसाही फार नसतो, मग डाळीचं पीठ पेरून भाजी करतो.

केटीकरीण: पीठ पेरून! करून बघते. बागुलबुवा, जात कोणती घेऊ?

बागुलबुवा: लॅसिनॅटो, लांब, न कुरळ्या पानांचं. कुरळ्या पानांत अळ्या लपतात, आणि त्या आधी सासूबाईंना दिसतात.