शून्यापासून पोर्तुगीज शिकायचीये? मग सरळ ब्राझीलची धरा

घाटावरचा:
पोर्तुगीजचा ओ की ठो माहीत नसेल तर ब्राझीलवाली शिका, मग पुढे लिस्बनला जायचं असलं तरी. ड्युओलिंगोवर तीच आहे, यूट्यूबवर तिचाच सुकाळ, आणि बोलणारे बघा ना, ब्राझील 20 कोटींच्या वर, पोर्तुगाल जेमतेम 1 कोटी. पण खरा मुद्दा कानाचा आहे. छोटा या अर्थाचा पेकेनु ब्राझीलवाला स्वच्छ म्हणतो, लिस्बनवाला म्हणतो प्केनु, पहिला स्वर गिळूनच टाकतो. नवख्याला एक शब्द कुठे संपला नि दुसरा कुठे सुरू झाला तेच कळत नाही, मग वैतागून सोडून देतो.

म्हापशेकार:
अजिबात पटलं नाही. गिळलेले स्वर पहिल्या दिवसापासून कानावर पडले तरच सवय होणार ना? माझा भाचा ब्राझीलच्या ॲपवर घासून लिस्बनला गेला, बोलायचा झकास, समोरच्याला सगळं कळायचं पण (तिकडे ब्राझीलच्या मालिका वर्षानुवर्षं बघतात लोक), उत्तर आलं की हा नुसता तोंडाकडे बघत बसायचा. आणि पोर्तुगालच्या नागरिकत्वासाठी बरेच जण सिप्ले ही भाषेची परीक्षा देतात, ए-टू म्हणजे प्राथमिक लेव्हलची, त्यात ऐकण्याचा पेपर असतो आणि तो पोर्तुगालच्याच उच्चारात. तेव्हा काय करणार?

घाटावरचा:
परीक्षा जवळ आली की दोन-तीन महिने पोर्तुगालचा रेडिओ ऐकायचा. पाया तर पक्का होऊ द्या आधी! ब्राझीलमध्ये बहुतेक ठिकाणी समोरच्याला वोसे (तू, तुम्ही दोन्हीसाठी) म्हटलं की भागतं, 'तु' म्हणजे आपल्या 'तू'ची क्रियापदाची वेगळी रूपं सुरुवातीला पाठच करावी लागत नाहीत. एवढी सूट कोण सोडतं?

म्हापशेकार:
हीच सूट नडते हो. पोर्तुगालात मित्राला तु, आणि अनोळखी म्हाताऱ्याला तोंडावर वोसे म्हटलंत तर कित्येकांना ते उद्धट वाटतं, तिथे ओ सेन्योर (आपलं 'साहेब' म्हणा) म्हणायचं नाहीतर सर्वनाम गाळून नुसतं क्रियापद वापरायचं. आपल्याकडे सासऱ्यांना 'अरे' म्हणून बघा. बाकी ते नाकातले स्वर कोंकणी येणाऱ्याला फुकटात मिळतात, त्याचं टेन्शन घेऊ नका.

वसईची सून:
तुम्ही दोघं उच्चारावरच अडलाय. मला कोणाशी बोलायचंच नाहीये, माहेरच्या जमिनीचे गोव्यातले जुने कागद वाचायचेत, सगळे पोर्तुगीजमध्ये, आणि दर पानामागे भाषांतरवाल्याला पैसे मोजून कंटाळले. मला कुठलीही चालेल ना?

म्हापशेकार:
ताई, लिहिण्यात फरक कमीच. पण कागद 1911 च्या आधीचे असतील तर स्पेलिंग जुनं, तेव्हा फार्मासियासुद्धा पीएच लावून लिहायचे, सुधारणा त्या साली झाली. त्यात हस्ताक्षर आणि कायद्याची भाषा, ॲपवर यातलं काहीच नाही. पणजीत कामोंइश या पोर्तुगाल सरकारच्या भाषासंस्थेचं केंद्र आहे, गोवा विद्यापीठातही पोर्तुगीज शिकवतात, तिथे विचारा. दोन्हीकडे पोर्तुगालचीच मिळेल, हे घाटावरच्यांना सांगू नका :)

घाटावरचा:
वाचलं मी. कागदांसाठी मान्य. पण ज्याला पणजी गाठता येत नाही, रात्री जेवण झाल्यावर मोबाईल घेऊन अर्धा तास बसायचंय, त्याने काय करायचं ते सांगा की.

म्हापशेकार:
आरटीपीचं, म्हणजे पोर्तुगालच्या सरकारी रेडिओ-टीव्हीचं, रेडिओ ॲप टाकायचं. तेही मोबाईलवरच चालतं.