प्रति: केळी वेफर्ससाठी विक्स की वर्डप्रेस?
भाऊ, सावद्याहून वेफर्स ऑनलाइन विकायची वेबसाइट बनवायला विक्स घ्यावं की वर्डप्रेस, असं विचारलंय तुम्ही. विक्सवर साइट पटकन उभी राहते हे खरं, पण उद्या सोडायचं ठरलं तर ती उचलून दुसऱ्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर, नेता येत नाही, नव्याने बांधावी लागते. वर्डप्रेस २००३ पासून मोफत. त्यात वूकॉमर्स हे दुकानाचं जोड-सॉफ्टवेअर टाकलं की विक्रीही होते. मात्र होस्टिंग, बॅकअप, अपडेट सगळं तुमच्याच गळ्यात. घरात ते बघणारं कुणी नसेल तर शॉपिफाय ही तयार ऑनलाइन दुकानाची सेवा बरी, दरमहा भाडं धरून चाला.

कशावरही करा, डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, तेवढं स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. आमच्या जळगावात एका पापडवाल्या ताईंचं डोमेन साइट करून देणाऱ्याच्या नावावर निघालं. मुदत संपत आली तरी तो फोनच उचलेना.