मदत हवी आहे : कोपरा फाटलेलं लक्ष्मीचं जुनं पोस्टकार्ड, मयताचं की नुसतंच फाटलेलं?

नमस्कार मंडळी. मी धुळ्याचा. जुनी पोस्टकार्डं जमवतो. जमवतो म्हणजे रद्दीवाल्यांशी ओळख ठेवतो, एवढंच. साधी कार्डं बरीच आहेत, त्यांचा काळ ओळखायला आता फार वेळ लागत नाही. पत्त्यात पिनकोड असेल तर कार्ड १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. नवे पैसे दिसले तर १ एप्रिल १९५७ नंतरचं. पाव आण्याचं आणि राणीचा मुखडा असलेलं मिळालं तर त्या दिवशी चहा माझ्याकडून! (आपल्याकडे कार्ड सुरूच झालं १ जुलै १८७९ ला, पाव आण्याला.)

अडलंय ते एका चित्राच्या कार्डावर. पुढे कमळावर उभी लक्ष्मी, खाली बारीक इंग्रजीत रविवर्मा प्रेस, कार्ला. हा छापखाना १८९४ ला मुंबईत सुरू झाला आणि पुढे कार्ल्याजवळ मळवलीला गेला, म्हणजे कार्ड त्यानंतरचं. मागे मधोमध उभी रेघ, उजवीकडे पत्ता : मु. पो. अमळनेर, जि. पूर्व खानदेश. खानदेशाचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले १९०६ ला, त्यामुळे त्याच्या आधीचं नाही हे नक्की. वरची हद्द मात्र ठरत नाही, कारण तिकीट कुणा पोराने उकलून नेलंय आणि शिक्काही त्याच्याबरोबर गेलाय. तिकिटावर राजा एडवर्ड होता की पंचम जॉर्ज, एवढं कळलं असतं तरी चाललं असतं.

डावीकडे जुन्या मोडी लिपीत सहा ओळी. मला मोडी येत नाही. आणि त्याच बाजूचा खालचा कोपरा फाटलेला.

मयताची बातमी कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडून धाडत, आणि इथेच घरात भांडण लागलंय. आजीने कार्ड हातात घेतलं, उलटं केलं आणि लगेच खाली ठेवलं. "हाई मयतनं कार्ड शे. कोपरा फाटेल कार्ड घरमा ठेवतस नही, पोऱ्या." तेव्हापासून ते ओट्यावरच्या कोनाड्यात आहे. माझं म्हणणं, लक्ष्मीच्या चित्रावर मयताचा निरोप कोण धाडेल? पण घरात दुसरं कार्डच नसेल तर? पोस्ट लांब, माणूस घाईत, हाताला लागलं ते कार्ड घेतलं, असंही झालं असेल.

तर विचारायचं असं, की मोडी न वाचता हे ठरवता येईल का? आणि वाचून देणारं कुणी आहे का? आणखी एक, कार्ड अल्बमच्या प्लास्टिकच्या पाकिटात होतं, मे महिन्यात चित्र त्याला चिकटायला लागलं होतं. काय करावं?

प्रतिसाद १
आधी ते प्लास्टिक काढा. मऊ, वास येणारं पाकीट असेल तर उन्हाळ्यात चित्राचा रंग सोबत घेऊनच निघतं. साध्या पांढऱ्या कागदाच्या घडीत ठेवा. आणि चिकटलेलं असेल तर ओढू नका.
मयताचं म्हणाल तर आमच्याकडे असं कार्ड उंबऱ्याबाहेरच वाचायचे आणि तिथेच फाडून टाकायचे. तुमचं कार्ड इतकी वर्षं टिकलं, यातच उत्तर आहे असं मला वाटतं.

प्रतिसाद २
टिकलं म्हणून मयताचं नाही, हे काही पटत नाही. आमच्या मामांच्या ट्रंकेत अशी दोन निघाली होती.
मोडी न वाचताही बघता येईल. मोडी लिहिणारे आधी अख्खी आडवी रेघ ओढून घेत, मग तिला अक्षरं लटकवत. त्या रेघा बघा. कोपरा लिहिणाऱ्याने आधीच फाडला असेल तर खालच्या ओळी फाटीपासून थोडी जागा सोडून सुरू होतील. नंतर फाटला असेल तर रेघ थेट फाटीतूनच निघालेली दिसेल. लिहून झाल्यावर रिकामा कोपरा फाडला, असंही करत, पण मग अक्षर तुटणार नाही.
वाचून घ्यायला लांब जायला नको, धुळ्यातच इतिहासाचं राजवाडे संशोधन मंडळ आहे. तिथे मोडीची दप्तरं आहेत, जाणकार भेटेल.

धागाकर्ता
भिंग घेऊन बसलो होतो. वरच्या चार ओळी कडेपासून बोटभर आत सुरू होतात. खालच्या दोन ओळींची रेघ थेट फाटीतून निघालीय, आणि शेवटच्या ओळीचं पहिलं अक्षर अर्धंच उरलंय. म्हणजे फाडाफाडी नंतरची, बहुधा तिकीट नेणाऱ्या त्या पोराचीच!

प्लास्टिक काढलं. लक्ष्मीच्या पदराचा थोडा रंग गेलाच.

सोमवारी मंडळात जाऊन येतो, वाचून मिळालं की इथे टाकतो. आजीला रेघांचं सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. कार्ड अजून कोनाड्यातच आहे.