पिंग जाते, पण वेबसाइट उघडत नाही
केव्हीएमवर (लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातला आभासी संगणक, चालवणारी प्रणाली) पीएफसेन्स (फायरवॉल व राउटरचे सॉफ्टवेअर) बसवल्यावर पिंग (जोडणी तपासणारा छोटा संदेश) व्यवस्थित जाते, पण वेबसाइट उघडत नाहीत, असे आपण लिहिले आहे. कोल्हापुरात उद्यमनगरातील एका कारखान्यात मी हेच अनुभवले. पीएफसेन्सचा डॅशबोर्डसुद्धा अडखळत उघडत होता. व्हर्टआयओ कार्डावर (व्हर्च्युअल मशीनचे आभासी नेटवर्क कार्ड) चेकसम (माहिती बिनचूक पोहोचली का हे तपासणारा अंक) पूर्ण करण्याचे काम पुढे ढकलले जाते आणि अशी अपुरी पॅकेट्स (माहितीचे तुकडे) वाटेतच टाकून दिली जातात, म्हणून पीएफसेन्सच्या 'सिस्टीम'मधील 'अ‍ॅडव्हान्स्ड', 'नेटवर्किंग' येथे हार्डवेअर चेकसम ऑफलोड बंद करून व्हर्च्युअल मशीन रीस्टार्ट करावे. माझ्या मते याहून महत्त्वाचे म्हणजे, बाहेरची लाइन ज्या ब्रिजला (खरे नेटवर्क कार्ड आणि व्हर्च्युअल मशीन जोडणारा आभासी स्विच) जोडली आहे त्यावर होस्टला, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या मूळ संगणकाला, आयपी पत्ता मुळीच देऊ नये, अन्यथा हायपरव्हायजर, म्हणजे तो होस्ट, स्वतःच फायरवॉलबाहेर उघडा राहतो. होस्ट सुरू होताच व्हर्च्युअल मशीन आपोआप चालू व्हावे म्हणून ऑटोस्टार्टही लावून ठेवावे, कारण वीज जाऊन आल्यावर सगळ्यांचे इंटरनेट याच मशीनवर अवलंबून असते.