आय, जी, एच, टी असलेले पाच अक्षरी शब्द, आठ सापडले, तीन काही केल्या जमून नाई राह्यले

घाटंजीचा_बाप:
नमस्कार मंडळी. पोट्टी सातवीत हाय, सेमी इंग्रजी. सरनं सुट्टीसाठी कोडं देल्लं, पाच अक्षरांचे इंग्रजी शब्द लिहा ज्यात आय, जी, एच, टी हे चारही असले पाह्यजेत, अन् खाली अकरा रेघा मारून देल्या. दिवसभर कापूस वेचणी, रात्री ओलिताले लाइन येते, मोटर चालू केली की आम्ही बापलेक वही घेऊन बसतो. नाइट, लाइट, फाइट, राइट, टाइट, माइट, साइट पोट्टीनं धडाधड लिहिले, एट म्हणजे आठ हा तिच्या मायनं चुलीपासून सांगतला. मंग मी मोठ्या ऐटीत हाइट सांगतला तं पोट्टी बोटं मोजून म्हणते बाबा यात सहा होतात, एच नंतर ई हाय. मी जिंदगीभर ई न टाकताच लिहित आलो राजेहो. फ्लाइट, ब्राइट बी सहाचेच निघाले. तीन रेघा कोऱ्या हायेत, सोमवारी शाळा उघडते. कोणाले माहीत असन तं सांगा.

वर्डलवाली_अमरावती:
काका, चारही अक्षरं शेवटीच अन् याच लायनीत पाहिजे असं सरनं कुठी म्हटलं? नाइटचीच अक्षरं उलटीपालटी करा, टी-एच-आय-एन-जी, थिंग. झाला नववा 😄
हे सगळे शब्द मले पाठ आहेत कारण मी रोज वर्डल खेळते, तोच २०२१ चा, जोश वार्डलनं काढलेला ऑनलाइन खेळ, पाच अक्षरांचा लपलेला शब्द सहा चान्समध्ये ओळखायचा, बरोबर जागी बसलेलं अक्षर हिरवं होते. शेवटचे चार हिरवे झाले की माणूस खुश होते अन् तिथंच फसते, फाइट लाइट माइट नाइट करता करता चान्स संपतात. मी तीनदा अशीच हरली. आता अशा वेळी मी फिल्म्स टाकते, एफ-आय-एल-एम-एस, त्यातल्या एफ, एल, एम, एस वरून एका दमात फाइट, लाइट, माइट, साइट चारही तपासून होतात, मंग एंटर टाकायचा, ई-एन-टी-ई-आर, त्यात एट, नाइट, राइट तीन्ही येतात. कोणतंच नाई लागलं तं टाइट.

घाटंजीचा_बाप:
अरे बावा, थिंग! रोज वापरतो अन् डोक्यात नाई आला. दोन राह्यले. अन् एक सांगा, मधातले जी एच बोलतच नाई तं लिहितात काहून? पोट्टी इचारून राह्यली, माह्याजवळ उत्तर नाई.

सागवान_आलापल्ली:
दहावा माझ्याकडून घ्या, गर्थ, जी-आय-आर-टी-एच, राइटचीच अक्षरं. म्हणजे घेर. आमच्याकडे सागाच्या खोडाले जमिनीपासून १.३७ मीटरवर फीत गुंडाळतात अन् तो आकडा जीबीएच म्हणून लिहितात, म्हणजे गर्थ ॲट ब्रेस्ट हाइट, छातीच्या उंचीवरचा घेर, त्यातला जी म्हणजे हाच गर्थ. मी कितीक वर्षं जीबीएच जीबीएच म्हणत होतो, पुरा शब्द लय उशिरा समजला.

निवृत्त_मास्तर_मोर्शी:
अकरावा मी सांगत नाही, पोरीलाच काढू द्या. रीत सांगतो. कागदावर आय जी एच टी लिहा अन् त्यांच्याजवळ ए पासून झेडपर्यंत एकेक अक्षर आणून बसवून पाहा. फक्त एच आला की ओलांडून जाऊ नका, तो आधीच हाय म्हणून सगळे सोडतात, पण दुसरा एच घेतला की शब्द होते. शरीराचा भाग आहे, बसताना घालतो ती.
जी एच चं असं आहे की जुन्या इंग्रजीत तिथं घशातून ख सारखा आवाज निघे. जर्मनमध्ये अजून आहे, रात्रीले नाख्ट म्हणतात, आठाले आख्ट. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टननं लंडनजवळ वेस्टमिन्स्टरले इंग्लंडातला पहिला छापखाना टाकला, छापता छापता स्पेलिंग बसत गेलं, अन् बोलणारे मात्र तो ख गिळून बसले. अक्षरं राह्यली, आवाज गेला. आपल्याकडे दिवसभर उपाशी राहून रात्री जेवायचं त्याले नक्त म्हणतात, तो नक्त अन् हा नाइट एकाच घरचे, तसंच अष्ट, आठ अन् एट.
अन् बावाजी, तुमचा बिन ई चा हाइट अगदीच रद्दी नाही. हा जुना इंग्रजी शब्द आहे, अर्थ नाव असलेला. आता कोणी वापरत नाही, पण मोठ्या डिक्शनरीत भेटते.

घाटंजीचा_बाप:
मास्तर, मांडी! थाय! टी-एच-आय-जी-एच! पोट्टी मांडी घालूनच बसली होती अन् एकदम ओरडली, बकरी बी दचकली. अकरा झाले.
पण आता नवीनच लफडं. तुमचं वाचून तिनं पट्टी घेतली, बारावी रेघ मारली अन् त्यावर बिन ई चा हाइट लिहून टाकला, कंसात बाबांचा शब्द. सरनं इचारलं तं म्या जाऊन सांगायचं म्हणते.