बुलेट ३५० आणि राजदूत ३५०: सीसी सारखे, मग घाटात एवढा फरक का?

आंबाघाटी:
माझ्याकडे १९८६ ची बुलेट आहे, जुन्या कास्ट आयर्न इंजिनची. मामांकडे राजदूत ३५०. साखरप्याकडून आंबा घाट चढताना माझी गाडी तिसऱ्यात धडधडत वर येते, गिअर पाडावा लागत नाही. त्याच चढावर मामांची गाडी तिसऱ्यात गळपटते. दुसरा टाकला की मात्र अशी उसळते की मागे बसलेल्याने मामांना घट्ट धरावं. सपाटीला तर मी कायम त्यांच्या धुरातच असतो.

दोन्ही ३५०, मग असं का? आमचा गॅरेजवाला म्हणतो, बुलेटचं फ्लायव्हील (क्रँकसोबत फिरणारं जड चाक) लेथवर हलकं करू, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या मिश्रणावरचा दाब) वाढवू, राजदूतसारखा पिकअप येईल. करावं का?

फुल_थ्रॉटल:
राजदूत टू-स्ट्रोक आहे भावा. विषय संपला.

बोअरिंगवाला_कोल्हापूर:
विषय संपत नाही, इथून सुरू होतो. मी उद्यमनगरात ब्लॉक बोअर करतो. या दोन्ही गाड्यांचे ब्लॉक शेजारी ठेवले तर सीसी एकच आहे हे सांगून पटणार नाही. बुलेटचा एकच उंच सिलिंडर, बोअर (सिलिंडरची रुंदी) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ९०, झाले ३४६ सीसी. राजदूतचे दोन बुटके, प्रत्येकी बोअर ६४, स्ट्रोक ५४, मिळून ३४७.

आता ठोके मोजा. बुलेट फोर-स्ट्रोक सिंगल, क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) दोनदा फिरला की एकदा पेटणार. राजदूत त्याच दोन फेऱ्यांत चारदा. म्हणजे ३००० आरपीएमला बुलेट सेकंदाला २५ वेळा पेटते आणि राजदूत १०० वेळा. पण बुलेटचा प्रत्येक ठोका अख्ख्या ३४६ सीसीचा, आणि दोन ठोक्यांच्या मधे गाडी ओढतं ते फ्लायव्हील. ते जड आहे म्हणून तर तुम्ही तिसऱ्यात घाट चढता! हलकं केलंत की हळू चालवताना झटके मारेल, चढाला दुसरा टाकावा लागेल, आणि बॅलन्स बिघडला तर हँडल धरवणार नाही. न्यूट्रलमधे मूठ पिळली की इंजिन चटकन रेस घेईल, एवढाच फायदा. गिऱ्हाईक त्यालाच पिकअप समजतं आणि खूश होऊन पैसे देतं.

बीएचपी, म्हणजे इंजिनची ताकद, वेगळी गोष्ट. बुलेटचे १८ बीएचपी येतात ५६२५ आरपीएमला, आणि तिथे ९० च्या स्ट्रोकमुळे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७ मीटरच्या जवळ गेलेला असतो. राजदूत ७००० ला फिरवली तरी तिचा पिस्टन साडेबाराच्या आसपास. आवाज तिचा जास्त, पण लोखंडाला ताण बुलेटच्या. शिवाय अरुंद बोअरमधे व्हॉल्व्ह लहान बसतात, वरच्या आरपीएमला इंजिनला श्वास पुरत नाही.

राजदूत खालच्या आरपीएमला का गळपटते? तिला बुलेटसारखे व्हॉल्व्ह नाहीत, सिलिंडरच्या भिंतीत पोर्ट, म्हणजे भोकं, आहेत. हळू फिरताना ताजा चार्ज (पेट्रोल-हवेचं मिश्रण) न जळताच एक्झॉस्टमधून निसटतो. सायलेन्सरमधून परतणारी दाबाची लाट त्याला मागे ढकलते खरी, पण ती वेळेवर पोचते ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच. मामांनी दुसरा टाकला की इंजिन त्या पट्ट्यात येतं.

आणि सीसीवर सगळं ठरत असतं तर हे बघा: जपानी आरडी ३५० ला ३९ बीएचपी होते. १९८३ पासून एस्कॉर्ट्सने तीच इथे राजदूत ३५० म्हणून बनवली, तेव्हा हाय टॉर्क मॉडेलला ३०.५ आणि नंतरच्या लो टॉर्क मॉडेलला २७. बोअर-स्ट्रोक तिन्हींचे सारखे.

येझदीकर_सुनीता:
टू-स्ट्रोकला खाली दम नसतो असं सरसकट नको. बाबांची येझदी २५० आजही आमच्याकडे आहे. बोअर ६५, स्ट्रोक ७५, रीड व्हॉल्व्हसुद्धा (आत आलेलं मिश्रण परत जाऊ न देणारी पातळ पाती) नाही. डबलसीट, मधे गव्हाचं पोतं, तरी खालून ओढते. वर मात्र नुसता आवाज, हे कबूल.

बोअरिंगवाला_कोल्हापूर:
ताई, अगदी बरोबर. स्ट्रोक लांब, क्रँक जड, पोर्ट सौम्य. टू-स्ट्रोकचा स्वभाव पोर्टच्या उंचीत असतो. पोरं ब्लॉक घेऊन येतात, "काका, पोर्ट उचलून द्या". एक्झॉस्ट पोर्ट मिलिमीटरभर वर नेला की तो लवकर उघडतो, वरचा जोर वाढतो आणि खालचा जातो. मग महिन्याने तेच पोरगं सिग्नलला गाडी बंद पडते म्हणून येतं. तासलेलं लोखंड परत कुठून आणू?

आंबाघाटी:
मामांची लो टॉर्क आहे, आता कळलं ते त्या विषयावर गप्प का बसतात. काका, फ्लायव्हील रद्द. निदान कॉम्प्रेशन तरी वाढवू का?

बोअरिंगवाला_कोल्हापूर:
नको. तुमच्या मॉडेलला कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन आणि क्रँक जोडणारी दांडी) खालच्या टोकाला फ्लोटिंग बुश (बेअरिंगऐवजी सैल फिरणारी धातूची नळी) असतो. कॉम्प्रेशन वाढवून वर पिळलंत की पहिला तो जाईल. ब्लॉक लोखंडाचा, उष्णता धरून ठेवतो, घाटात नॉकिंगही (मिश्रण अवेळी पेटून होणारी खडखड) सुरू होईल.

आहे तो जोर आधी पूर्ण मिळतोय का ते बघा. इंजिन थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून, पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) बोटाने फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. मग ठिणगीचे पॉइंट काढून मागचं ऑटो ॲडव्हान्स युनिट (वेगाप्रमाणे ठिणगीची वेळ बदलणारं) हाताने पिळून सोडा. स्प्रिंगने झटकन जागेवर यायला हवं. बऱ्याच जुन्या गाड्यांत ते ग्रीस सुकून अडकलेलं असतं. तसं असेल तर गाडी एक तर किक मारताना उलटा तडाखा देते, नाही तर वर मरगळते. रॉकेलने धुवा, दोन थेंब तेल सोडा. त्यानंतर घाट एकदा चढून या आणि प्लगचा रंग कसा दिसतो ते इथे लिहा, मग कार्ब्युरेटरच्या जेटचं बघू.